पुतळी, होन आणि एक रोमन अलंकार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत कुसगांवास एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. स्नेही नाण्यांचे शोकी आहेत. आणि शोकी माणसाच्या घरीं पाहुण्याची जी गत व्हावयाची तीच माझीही झाली. पहिल्याच संध्याकाळीं, चहा संपतो न संपतो तोंच, त्यांनीं कपाटांतून एक लहानशी डबी काढून माझ्यापुढें ठेविली. आंत मखमलीवर, पारदर्शक कवचांत बंद केलेलें, एक सोन्याचें नाणें होतें. युरोपांतील एका टांकसाळीनें संग्राहकांसाठीं पाडलेलें तें स्मारक-नाणें. त्यावर एका प्राचीन रोमन अलंकाराचें चित्र उठविलेलें होतें. काम निःसंशय नाजूक होतें. सोन्याच्या तारेचा पीळ न् पीळ निराळा दिसत होता.

"कवच उघडूं नका हं, बोटाचा डाग पडतो," स्नेही म्हणाले.

इतक्यांत त्यांच्या मातोश्री बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढचें. परंतु दृष्टि अजून चांगली आहे. त्यांनीं डबी हातांत घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलें, "छान आहे. पण याला कडी कुठें आहे?"

"आई, हें घालायचें नाहीं, ठेवायचें आहे."

"मग दागिना काढलाय कशाला त्याच्यावर?"

स्नेही हंसले. मी हंसलों नाहीं. कारण कलेवर टीका करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें आहे अशा माणसानें जो प्रश्न विचारावयाचा तोच प्रश्न काकूंनीं विचारला होता. थोड्या वेळानें त्या आंत गेल्या आणि फडक्यांत गुंडाळलेली एक पुतळ्यांची माळ घेऊन आल्या. माळ त्यांच्या सासूबाईंची. रेशमाचा गोफ विटलेला, पुतळ्यांच्या कडा झिजलेल्या. ती समोर येतांच स्नेह्यांनीं मनांतील गोष्ट काढली. सोन्याचा भाव चढलेला आहे, नाती दोन आहेत, आणि असा जुना दागिना हल्लीं कोणी घालीत नाहीं. म्हणून माळ आटवून दोघींसाठीं दोन नवे जिन्नस करावे असा त्यांचा बेत होता. "तुम्ही त्रयस्थ आहांत, आणि कलेंतले जाणते. तुम्हीच सांगा," असें ते म्हणाले. माझें मत तेव्हां मीं सांगितलें नाहीं. तें आतां सविस्तर लिहीत आहें. कारण हा प्रश्न एका घरापुरता नाहीं, असें मला वाटतें.

नाणें आणि दागिना हीं दोन निराळीं जग आहेत अशी आपली समजूत असते. एक पुरुषाच्या कमरेच्या कशाचें, दुसरें स्त्रीच्या गळ्याचें; एक बाजाराचें, दुसरें देव्हाऱ्याचें. परंतु आपल्या भाषेचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाहीं. ऋग्वेदांत 'निष्क' हा शब्द येतो तो गळ्यांतील अलंकार या अर्थानें. रुद्राच्या वर्णनांत तो आहे, आणि 'निष्कग्रीव' असें विशेषणही वेदांत आढळतें. पुढें हाच शब्द सोन्याच्या ठराविक वजनास आणि नंतर नाण्यास लागूं लागला. म्हणजे येथें दागिना आधीं, नाणें मागाहून. 'दीनार' या शब्दाचा प्रवास नेमका याच्या उलट आहे. रोममधील 'देनारियुस' हें चांदीचें नाणें; परंतु तें नांव समुद्र ओलांडून इकडे आलें आणि आपल्या सुवर्णनाण्यास चिकटलें. जैनांच्या कल्पसूत्रांत श्रीदेवीचें जें वर्णन आहे, त्यांत तिच्या वक्षःस्थळावर दीनारांची माळ रुळत आहे. परदेशचें नाणें येथील लक्ष्मीच्या गळ्यांत गेलें, आणि त्यांत त्या ग्रंथकारास कांहीं विपरीत वाटलें नाहीं!

हा देवघेवीचा इतिहास पाहण्यासाठीं कुसगांवच्या माणसास फार दूर जावें लागत नाहीं. कार्ल्याचा डोंगर येथून जवळच आहे. दुसऱ्या दिवशीं आम्ही एकवीरेच्या दर्शनास गेलों, तेव्हां मुद्दाम चैत्यगृहांत थोडा वेळ थांबलों. सुमारें १२४ फूट लांबीच्या त्या भव्य लेण्यांतील कित्येक खांब 'धेनुकाकट' येथील यवनांनीं दान दिलेले आहेत. खांबांवरील ब्राह्मी लेखांत त्यांचीं नांवें अजून वाचतां येतात. कोणी सिंहध्वज आहे, कोणी धर्म आहे. यवन म्हणवून घेणाऱ्या दात्यांचीं हीं अगदीं देशी नांवें! त्याच लेण्यांतील एक राजाज्ञा 'मामाळ' येथील अमात्यास उद्देशून आहे. मामाळ म्हणजे आपलें मावळ. तेव्हां ज्या वाटेवर आज द्रुतगति-मार्गाचा घोंघाट रात्रंदिवस चालूं असतो, तीच घाटवाट त्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना देशावरील पेठांशीं जोडीत होती. पहिल्या शतकांतील एका अज्ञात ग्रीक नाविकानें लिहिलेल्या 'एरिथ्रियन समुद्राच्या पेरिप्लस'मध्यें कल्याण, पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या तिहींचाही उल्लेख आहे. भडोच बंदरीं रोमन सोन्याचांदीचीं नाणीं नेल्यास त्यांवर नफा मिळतो, असेंही तो सांगतो.

रोमकडून मात्र याच व्यवहारावर तक्रारीचा सूर ऐकूं येतो. थोरल्या प्लिनीनें इ. स. ७७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या विश्वकोशवजा ग्रंथांत हिशेब मांडला आहे, कीं भारत, चीन आणि अरबस्तान हे मिळून रोमन साम्राज्याकडून दरसाल १० कोटी सेस्टर्स ओढून नेतात. शंभर सेस्टर्सचें एक सुवर्णनाणें. तेव्हां हीं दहा लक्ष सुवर्णनाणीं झालीं. त्या काळच्या नाण्याचें वजन सव्वासात ग्रॅमांच्या आसपास धरिलें तर सोनें सुमारें सात टन होतें. हा आंकडा अतिशयोक्त असावा असें पुष्कळ इतिहासकारांचें मत आहे. पण प्लिनीचा रोख आंकड्यावर नाहीं, स्त्रियांवर आहे. आमची चैन आणि आमच्या बायका आम्हांस इतक्या महाग पडतात, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. लोलिया पॉलिना नांवाची एक उमरावीण पाचू आणि मोत्यांनीं डोक्यापासून बोटांपर्यंत मढलेली त्यानें एका साध्या समारंभांत पाहिली होती. त्या जडजवाहिराची किंमत ४ कोटी सेस्टर्स होती, आणि ती सिद्ध करण्यास बाई कागदपत्रांसह तयार असे, हेंही तो नोंदवितो.

आतां इतिहासाची गंमत पाहावी. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यांत हा प्लिनी मरण पावला. त्याच स्फोटांत पाँपेई शहर राखेखालीं गाडलें गेलें. आणि त्या शहराच्या एका घरांतून १९३८ सालीं काय बाहेर निघालें? हस्तिदंताची, वीतभर उंचीची, एक भारतीय स्त्री! हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाडजूड वाळे, गळ्यांत हार, कमरेस मेखला. हल्लीं ही मूर्ति नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. तिच्या जातीच्या हस्तिदंती मूर्ति आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथें मिळाल्या आहेत. म्हणून तिचें माहेर महाराष्ट्रांतील असावें असें कित्येक अभ्यासक मानतात. तिचे अलंकार पाहून कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरील दंपतींची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. रोमचें सोनें इकडे आलें, तसें आपल्या अलंकाराचें रूपही तिकडे गेलें. प्लिनीनें जमाखर्चाची एकच बाजू लिहून ठेविली, एवढेंच.

इकडे आलेल्या नाण्यांचें काय झालें, हेंही पाहण्यासारखें आहे. दक्षिणेंत सांपडलेल्या कित्येक रोमन सुवर्णनाण्यांना बादशहाच्या मस्तकावर दोन दोन भोंकें पाडलेलीं आहेत. म्हणजे तीं दोऱ्यांत ओवून घालण्यासाठीं होतीं, आणि घातल्यावर मुखवटा सरळ राहावा इतकी दक्षता पाडणारानें घेतली होती. ज्यांना सोनें परवडत नव्हतें, त्यांनीं मातीवर भागविलें. तेर आणि कोंडापूर येथें रोमन नाण्यांच्या छापाच्या भाजलेल्या मातीच्या टिकल्या मिळाल्या आहेत, आणि त्याही गळ्यांत घालावयाच्या आहेत. ही आवड कांहीं आमचीच नव्हे. तिसऱ्या-चौथ्या शतकांत खुद्द रोमन स्त्रिया सुवर्णनाणीं जाळीदार चौकटींत बसवून पदकांप्रमाणें घालीत. पुढें रोमन सम्राज्ञींच्या नाण्यांवर मोत्यांचा किरीट, कुंडलें आणि हार यांसह त्यांची मुद्रा येऊं लागली. रोमन अलंकार नाण्यावर यावयाचाच तर तो असा, मस्तकावर आणि कंठांत, येत असे. नुसता सुटा पडलेला येत नसे.

येथें माझ्या स्नेह्यांच्या नाण्याकडे वळूं. त्याचे गुण प्रथम सांगणें न्यायाचें होईल. आजच्या टांकसाळींचें यंत्रकौशल्य असें आहे, कीं पूर्वींच्या कोणत्याही छाप-कोरक्यास त्याचा हेवा वाटावा. छाप मध्यावर अचूक बसलेला, कड सारखी, पृष्ठभाग आरशासारखा. शिवाय तें नाणें प्रामाणिक आहे. आपण कोणती वस्तु दाखवीत आहों तें तें दाखवितें. जुन्या नाण्याचें सोंग आणीत नाहीं. एखाद्या विद्यार्थ्यास रोमन सोनाराची तार ओढण्याची रीत समजावून द्यावयाची असेल, तर हें चित्र उपयोगी पडेल.

परंतु चित्र उपयोगी पडणें निराळें आणि नाणें उत्तम असणें निराळें. नाणें ही चित्राची बशी नव्हे. त्याची कला तीन गोष्टींवर उभी असते: वजन, हात आणि विश्वास. वजन हातास कळावें, छाप बोटास कळावा, आणि अनोळखी माणसानें तें अनोळखी माणसाकडून निःशंकपणें घ्यावें. ज्यास बोट लावावयाचें नाहीं, जें कोणी कोणास देणार नाहीं, ज्याची किंमत त्यावरील अंकांवर नसून संग्राहकांच्या यादीवर आहे, तें नाण्याचा वेष घेतलेलें पदक होय. आणि त्यावर काढलेला दागिना तरी दागिना आहे काय? अलंकार हा शब्दच मुळीं सापेक्ष आहे. कोणास तरी 'अलम्', पुरेसें, करण्यासाठीं तो असतो. गळ्यावांचून हार म्हणजे केवळ नमुना. अर्थात् येथें दोन अभाव एकत्र आले आहेत: न चालणारें नाणें आणि न घालतां येणारा दागिना. काकूंचा कडीचा प्रश्न दोन्हीं अभावांवर एकदम बोट ठेवतो.

आतां पुतळी पाहूं. काकूंच्या माळेंत अस्सल पुतळ्या नऊ निघाल्या. बाकीच्या येथील सोनारांनीं ठशावर उठविलेल्या पातळ पत्र्याच्या. अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचें ड्यूकाट. हें नाणें १२८४ सालीं प्रथम पाडलें गेलें, आणि १७९७ मध्यें नेपोलियननें व्हेनिसचें प्रजासत्ताक बुडवीपर्यंत पाडलें जात होतें. पांच शतकांहून अधिक काळांत त्याचें वजन साडेतीन ग्रॅमांच्या आसपासच राहिलें. सोनें त्या काळीं शक्य तेवढें शुद्ध. आणि आकृति मुळींच बदलली नाहीं. एका बाजूस व्हेनिसचा अधिपति गुडघे टेंकून संत मार्काच्या हातून निशाणाची काठी घेत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोल प्रभावळींत ख्रिस्त उभा. शिल्प म्हणून पाहिलें तर काम बेताचें आहे. अखेरच्या काळांतील नाण्यांवर तर माणसें काड्यांचीं झालेलीं दिसतात. रफाएल आणि तिशियन यांच्या काळींही या नाण्यावर मध्ययुगांतील ओबडधोबड बाहुलीच राहिली. पण तो आळस नव्हता. कैरोच्या सराफास, मोख्याच्या कॉफीच्या व्यापाऱ्यास आणि सुरतेच्या पेढीवाल्यास तीच बाहुली ओळखीची होती. ती सुंदर करावयास गेलें असतें, तर विश्वास उडाला असता. नाण्याच्या कलेंत कधीं कधीं सौंदर्याचा त्याग हाच कलेचा नियम असतो, तो असा.

या बाहुलीवरूनच आपण त्या नाण्यास 'पुतळी' म्हटलें. तमिळ मुलखांत याच नाण्यास 'शाणार काशु' असें नांव पडलें. कारण संतामधील काठी लोकांना ताडाचें झाड वाटली, आणि गुडघे टेंकलेला अधिपति ताडी काढणारा शाणार! आपल्याकडे पुढें सोनारांनीं ख्रिस्ताच्या जागीं लक्ष्मी बसविली, आणि प्रभावळीचे तारे तिच्या भोंवतींचे मणी झाले. इतिहासाच्या दृष्टीनें हा निव्वळ गैरसमज. पण कलेच्या दृष्टीनें पाहतां, ज्यास आपण गैरसमज म्हणतों त्यांत एक प्रकारचा स्वीकारही असतो. परकी वस्तु जशीच्या तशी ठेवून तिला नांव आणि स्थान आपलें द्यावयाचें, ही जुन्या महाराष्ट्राची रीत. कार्ल्याचे यवन सिंहध्वज झाले, तशी संत मार्काची पुतळी झाली.

एवढ्यावरून कोणी असें समजूं नये, कीं जुनें तें सर्व सोनें असा माझा पक्ष आहे. पुतळीच्या उलट अगदीं निराळें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे, आणि तें पुतळीहून श्रेष्ठ आहे. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या निमित्तानें छत्रपति शिवाजी महाराजांनीं सोन्याचा होन पाडला. खरें स्मारक-नाणें म्हणावयाचें तर तें हें. वजन पावणेतीन ग्रॅमांहून किंचित् अधिक, आकार नखाएवढा. त्यावर चित्र नाहीं, मुखवटा नाहीं, फारसी अक्षर नाहीं. ठिपक्यांच्या वर्तुळांत एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', एवढींच नागरी अक्षरें. चोहोंकडे फारसी छापाचीं नाणीं चालत असतां ही अक्षरें उमटविणें हीच राज्याची घोषणा होती. अलंकार म्हणून त्यांत कांहीं नाहीं, आणि म्हणूनच तें पूर्ण आहे. आज अस्सल होन अत्यंत दुर्मिळ आहेत. पण त्याच्या प्रतिकृति पदक म्हणून गळ्यांत घातलेल्या कोठेंही दिसतात. म्हणजे चित्र नसलेल्या नाण्यासही आमच्या लोकांनीं कडी लाविलीच!

दुसरी गोष्टही स्पष्टपणें बोलली पाहिजे. स्त्रीच्या गळ्यांतील सोनें हें तिचें स्त्रीधन, असें शास्त्र सांगतें. व्यवहार निराळा आहे. घरावर संकट आलें कीं पहिली नजर तिकडेच जाते. माळ ओवलेलीच अशी असते, कीं एक मणी काढला तरी बाकीची माळ तुटूं नये. ही सोय कीं सक्ति, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. तिसऱ्या दिवशीं मीं काकूंना सहज विचारलें, कीं माळ पहिल्यापासून एवढीच होती काय?

"छे रे," त्या म्हणाल्या, "सासूबाईंनीं दिली तेव्हां मोठी होती. एक त्यांच्याच आजारांत गेली. एक विहिरीच्या कामाला गेली. आणि दोन याच्या कॉलेजच्या फीपायीं गेल्या."

स्नेही समोरच बसले होते. ते म्हणाले, "आई, मला कधीं बोलली नाहींस!"

"त्यांत काय बोलायचें?" काकू म्हणाल्या, आणि माळ पुन्हां फडक्यांत बांधूं लागल्या.

त्या क्षणीं माझें मत ठरलें. स्मारक म्हणजे काय? जें नाहींसें झालें त्याची खूण. डबींतील नाण्यापाशीं अशी एकही खूण नाहीं. तें कोठें गेलें नाहीं, कोणाच्या उपयोगीं पडलें नाहीं. या माळेंत मात्र ज्या चार पुतळ्या नाहींत त्याही आहेत. आटवली तर सोनें एक गुंजभरही फारसें कमी होणार नाहीं. पण मग त्या चार कोठें शोधावयाच्या?

तरीही नातींचा हक्क खरा आहे, आणि 'जुनें म्हणून ठेवा' असा उपदेश करून मोकळें होणें हें टीकाकाराचें काम नव्हे. यास एक जुना दाखला आहे. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक, सर्व क्षत्रप नहपानाचीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. शत्रूचीं नाणीं आटविण्यास त्यास कोण अडविणार होतें? परंतु त्यानें तीं आटविलीं नाहींत. नहपानाच्या मुखवट्यावरच आपली मोहोर उठविली. म्हणून आज एकाच नाण्यावर पराभव आणि विजय दोन्हीं वाचतां येतात. जुन्यावर नवें उमटवावें, जुनें पुसूं नये, हें त्या विजेत्याचें धोरण आपणांसही अनुकरणीय आहे.

माझी सूचना एवढीच. माळ आटवूं नये, उकलावी. अस्सल नऊ पुतळ्या आणि देशी पुतळ्या यांचे दोन सारखे वांटे करावे, आणि जी नववी उरेल ती काकूंच्या गळ्यांत राहूं द्यावी. दोघी नातींनीं आपापल्या आवडीच्या गोफांत, हवें तर आजच्या तऱ्हेच्या साखळींत, त्या बसवाव्या. बरोबर एका कागदावर ज्या चार गेल्या त्या कशापायीं गेल्या तें काकूंच्या तोंडून उतरून घ्यावें. सोनाराची मजुरी वांचेल, हा एक आणखी लाभ!

स्नेह्यांनीं अद्याप कांहीं ठरविलेलें नाहीं. निर्णय त्यांचा आणि त्यांच्या घरांतील स्त्रियांचा आहे. मी दिलें तें केवळ मत. निघण्याच्या दिवशीं मात्र डबी कपाटांतच होती, आणि माळ देवघरांत काकूंच्या समोर होती. विटलेला गोफ काढून त्या नवें रेशीम वळीत होत्या.